झाकणावरची टकटक

शवदाहिनीवरच्या भट्टीवाल्याचा एक नेम होता. पेटी आत ढकलण्याआधी तो झाकणावर तीनदा टकटक करायचा आणि क्षणभर कान लावायचा. उस्तादानं शिकवलं होतं म्हणून. बाकी मेल्यावर काही उरतं यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. यावरून बायकोशी रोज खटके उडायचे.

"मी आधी गेले तर कळवीन," ती म्हणायची.

"कळव. मी कुठं पळून जातोय," असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

आज पेटीत तीच होती. भट्टी तापून लाल झाली होती, पंखा घरघरत होता आणि त्याचा हात झाकणाच्या वीतभर वर अडला होता.

"बाबा, आज राहू दे," त्याच्याच हाताखाली काम करणारी लेक म्हणाली. "मी ढकलते."

"हात लावू नकोस."

त्यानं तीनदा टकटक केली आणि झाकणावर कान टेकला. क्षण गेला, मिनिट गेलं, तरी तो उठेना. लेकीनं भीत भीत त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो पंखा बंद कर आधी," तो खेकसला. "या आवाजात काही ऐकू येत नाहीये."