वळणाची भिंत

मी वळणाची भिंत बोलतेय. जपानातल्या तोत्तोरी शहरातल्या आमच्या तरणतलावाच्या एका टोकाला मी, आणि पन्नास मीटरवर दुसऱ्या टोकाला ती माझी सवत. शर्यत तिच्यापाशी सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. माझ्याकडे लोक येतात ते फक्त परत जायला.

सुझुनो लहान असताना पहिल्यांदा धापा टाकत माझ्यापर्यंत पोचली, तेव्हाच माझा तिच्यावर जीव जडला. पण ब्रेस्टस्ट्रोकची रीतच अशी, की दोन्ही तळवे एकाच वेळी भिंतीला टेकायचे आणि लगेच वळून पायांनी भिंतीला ढकलून निघायचं. म्हणजे मला हात जेमतेम लागायचे आणि वर लाथ! सवतीपाशी मात्र ती कपाळ टेकून विसावायची, हसायची, रडायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

ती सतरा वर्षांची असताना प्रांताच्या संघाची निवड-शर्यत इथेच झाली. डोक्यावर देशाच्या संघाची टोपी चढवायची, एवढी एकच हाव होती तिला, आणि पहिली पायरी हीच होती. ती सगळ्यांच्या पुढे माझ्यापाशी आली. घाईत उजवा हात आधी टेकला, डावा मागून. माझ्या डोक्यावर उभ्या असलेल्या पंचांनी हात वर केला. तिला पत्ताच नाही! ती पहिली पोचली, सवतीच्या गळ्यात पडली, आणि फलकावर तिच्या नावापुढे ‘बाद’ उमटलं.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तो हिवाळा माझा होता. तिला पोहणं शिकवणाऱ्या इसोबे सरांनी तिला रोज माझ्याच पुढ्यात आणलं.

“काय गं, भिंतीशी हस्तांदोलन करतेस काय? दोन्ही हात!”

“करतेय ना, सर!”

“डावा झोपलाय अजून. उठव त्याला!”

तिचे तळवे लाल व्हायचे. तिची मैत्रीण रित्सुका काठावरून ओरडायची, “त्या भिंतीशी लग्न लावायचंय का गं? चल, डबा खायचाय!” सवतीला हे सगळं ऐकू जायचं, याचंच मला जास्त सुख.

पुढच्या वर्षी टोकियोत तिनं टोपी मिळवली. सर म्हणाले, पोरगी वळणावर जिंकली. परत आल्यावर फोटो मात्र सवतीपाशी काढले. मग ती देशोदेशींच्या भिंतींना हात लावत फिरली. त्या भिंती मी पाहिल्या नाहीत, पण मला त्या मुळीच आवडत नाहीत.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. परवा ती शेवटचं पोहायला आली. सर सवयीनं सवतीपाशीच घड्याळ धरून उभे होते. सुझुनो माझ्याकडे आली, दोन्ही तळवे एकदम टेकले. मी लाथेची वाट पाहिली. लाथ आलीच नाही. तिनं माझ्यावर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली.

मग ती माझ्यावरूनच वर चढली आणि पाण्याकडे वळून नमस्काराला वाकली.

“अगं ए, फेरी अर्धीच झाली की! आणि टॉवेल इकडे राहिलाय तुझा!” सर ओरडले.

“राहू दे, सर. मी इथूनच जाते.”

ती तशीच निथळत गेली. टॉवेल सवतीपाशी पडून होता. तिला म्हटलं, ठेव बाई, तुला तेवढाच.