कॅमोमाइलचे नऊ दिवस

“खिडकी लाव आधी, राडोये! माझ्या दुकानात प्रोमाया चालायची नाही!”

तिहोमिर न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. राडोये तोंडभर साबण घेऊन मुकाट उठला आणि खिडकी लावून आला. टिमोक नदीकाठच्या आमच्या गावात प्रोमाया कुणाला समजावून सांगावी लागत नाही. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी राहिली की मधून आरपार वाहतो तो वारा. मान आखडली, प्रोमाया. कान ठणकला, प्रोमाया. जावई पळून गेला तरी सासू म्हणणार, घराला प्रोमाया लागली होती.

“पण मास्तर, तुमचाच डोळा लालभडक झालाय की,” राडोये खुर्चीत टेकत म्हणाला.

“होणार नाही तर काय! काल खिडकी उघडी टाकून कोण गेलं होतं?”

तिहोमिर घरी गेल्यावर बायकोनं, मिलुंकानं, काही विचारलंसुद्धा नाही. फडताळातली बरणी काढली. दर जूनमध्ये रेल्वेच्या बांधावरून ती स्वतः कॅमोमाइलची पांढरी, औषधी फुलं खुडून आणायची, सावलीत वाळवायची. गावात कुणाचा डोळा आला की तिच्याचकडे माणूस यायचं. तिनं फुलं उकळली, निववली, कापूस भिजवून त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

“उताणा पड. आणि तोंड मिटून पड.”

“तोंडाला काय झालंय माझ्या?”

“तोंडाला साठ वर्षं झालीयेत. पड.”

खोटं कशाला बोला, बरं वाटायचं त्याला. कापसापेक्षा तिच्या हातानं जास्त. चौथ्या दिवशी डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. ती म्हणाली, “घाण सुटतेय, सुटू दे.” त्याला ते पटलं. नवव्या दिवशी सकाळी डावा डोळा पुसता पुसता त्यानं उजव्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज कुठल्या संताचा दिवस, ते वाचायला गेला, तर संताच्या जागी नुसतं धुकं.

निश शहरातल्या इस्पितळातली डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची होती. ती बराच वेळ दिव्यानं त्याच्या डोळ्यात बघत राहिली.

“लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, काका?”

“झाल्या होत्या. पण हे तर वाऱ्यानं...”

“वारा नाही हो. हर्पिसच्या कुळातला विषाणू आहे, कांजिण्यांचाच. पन्नास वर्षं अंगात दडून बसला होता. आता डोळ्याचा आतला पडदा कडेकडेनं मारत आत आलाय. दुसऱ्या डोळ्यातही जाऊ शकतो. आजच सलाईन लावू.” मग तिनं विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?”

तिहोमिरनं दाराकडे पाहिलं. मिलुंका पाण्याची बाटली आणायला गेली होती.

“दुकान होतं,” तो म्हणाला.

रात्रंदिवस सलाईन झालं, डोळ्यात सुया झाल्या. एवढं करून उजव्या डोळ्याचा पडदा सुटला तो सुटलाच. मिलुंका रोज विचारायची, “डॉक्टर काय म्हणाली? माझ्या फुलांनी तर नाही ना?” तो रोज सांगायचा, “फुलांचा काय संबंध! हे व्हायचंच होतं.”

घरी सोडताना मात्र डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. “सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. रोज सकाळी उजवा झाकून डाव्यानं काहीतरी वाचायचं. जरा लाल दिसला तर तुमच्या गावांतलं नेहमीचं कॅमोमाइल नाही, काही नाही, त्याच दिवशी इथं. ते नऊ दिवस गेले नसते तर कदाचित उजवा डोळाही वाचला असता.”

मिलुंकानं मान हलवली. घरी आल्यावर तिनं बरणी अंगणात नेऊन उकिरड्यावर उपडी केली. आणि तेव्हापासून घरातली एकही खिडकी लावेना. हिवाळ्यात शेजारीण ओरडली, “अगं, मरशील प्रोमायानं!” मिलुंका म्हणाली, “प्रोमायानं कुणी मरत नाही.”

दुकानात तिहोमिरनं वस्तरा पेटीत ठेवून दिला. एका डोळ्याला पातं आणि गळा यांच्यातलं अंतर कळत नाही. राडोये हट्टाला पेटला, “मास्तर, गळा माझा आहे, मी देतोय ना!” तिहोमिर म्हणाला, “गळा तुझा, पण हात माझा आहे,” आणि कात्री उचलली. त्या दिवशी घरी येऊन तो बराच वेळ जेवला नाही.

रोज सकाळी तो उजवा डोळा झाकून कॅलेंडरवरचा संत मोठ्यानं वाचायचा. मिलुंका चुलीपाशी काडी हातात धरून उभी असायची. नाव नीट ऐकल्यावरच ती पेटवायची. असे सहा महिने गेले. गोळ्या संपल्या, डावा डोळा शाबूत राहिला. ती मात्र पूर्वीसारखं एकदाही त्याच्यावर ओरडली नव्हती. डोळ्यापेक्षा त्याला तेच जास्त लागायचं.

जून आला. बांध पांढरा झाला तरी ती घरातून हलली नाही. एका रविवारी तिहोमिर एकटाच गेला. पहिल्यांदा हात फुलाच्या अलीकडेच मिटला, मग पलीकडे गेला. मग त्यानं युक्ती केली. देठ मुळाशी चाचपायचा आणि बोटं वर सरकवत न्यायची. दुपारपर्यंत पिशवी भरली.

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली तशी मिलुंकाचा चेहरा उतरला.

“फेकून दे ते. मला माहितीये, तिहोमिर. तुझा डोळा मी घालवला.”

“डोळा विषाणूनं घालवला. आणि कापूस काय तू एकटीनं ठेवलास? मी नऊ दिवस उताणा पडलोच ना!” तो खुर्चीत बसला आणि मफलर शोधू लागला. “घसा धरलाय माझा. चहा कर याचा.”

“जूनमध्ये? कशानं धरला?”

“विचारतेस काय? सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्यायस. प्रोमाया, बाई, प्रोमाया!”

मिलुंका त्याच्याकडे बघत राहिली.

“तोंड मिटून बस,” ती म्हणाली.

मग उठली, खिडकी लावली, आणि चुलीवर पाणी ठेवलं.