मास्तरांच्या हातातलं भूत

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली होती. एरवी रांगेत धक्का लागला तर हमरीतुमरीवर येणारे लोक आज एकमेकांच्या पायावर पाय देऊन गप्प उभे होते. कारण स्टेजवर शिंप्याच्या दुकानातल्या कटरमास्तरांच्या अंगातलं भूत हजेरी द्यायला येणार होतं.

"हात पुढे कर," फुंकरबाबा म्हणाले. "तळवे समोर. कुणाला थांब म्हणतोस ना, तसे."

मास्तरांनी हात पुढे केले. क्षणभर ते स्थिर राहिले. मग दोन्ही पंजे एकदम खाली पडले, सावरले, पुन्हा पडले. गर्दीतून "आई गं!" असा आवाज उठला.

"बघा! दार ठोठावतोय तो!" बाबा गरजले. "मेलेल्या माणसाचा कोट यानं त्याच्या मुलाच्या मापाचा करून दिला. टेप कोटाला लावली, मग स्वतःच्या गळ्यात घातली. तो टेपवरून चढला! पिशाच्चाला टेप सोपी जाते. आकडे असतात ना, वाट चुकत नाही."

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये यावर एकाही माणसाला हसू आलं नाही. बाबांनी ग्लासभर पाण्यावर तीनदा फुंकर मारली आणि ते मास्तरांना पाजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच मास्तर त्याच स्टेजवर उभे होते. हात स्थिर, नजर जागेवर. "ही कोण?" असं विचारल्यावर त्यांनी "माझी बायको" असं स्वच्छ सांगितलं. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

खाली पहिल्या रांगेत मास्तरीणबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. त्यांना टाळ्या ऐकूच येत नव्हत्या. आपल्या माणसानं आपल्याला ओळखलं, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

त्यांच्यावर हसण्याआधी त्यांचे मागचे काही महिने बघायला हवेत. मास्तर म्हणजे डोळे मिटून कापड कापणारा माणूस. तो दिवसा पेंगायला लागला आणि रात्री टक्क जागा राहायला लागला. एकदा त्यानं भारी कापडाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. गिऱ्हाईक ओरडलं, तर मास्तर त्याच्याकडे बघून हसत राहिले. घरी ते स्वयंपाकघरात उभे राहून "बाथरूम कुठंय?" असं विचारायचे. तोंडाला गोडसर, कुबट वास यायचा. बाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "यकृत खराब झालंय. त्याचा परिणाम मेंदूवर होतोय."

"यकृत?" बाई ताडकन उठल्या. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? आमच्या ह्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही!"

"अहो, मी दारू कुठं म्हटलं?"

पण बाईंनी ऐकलंच नाही. नवऱ्याचा हात धरून त्या तरातरा बाहेर पडल्या. दुकानात, शेजारात, नात्यात काय म्हणतील? बघा, मास्तर गुपचूप ढोसायचे! त्यापेक्षा भूत बरं. भुताला अब्रू असते. भूत लागलेल्या माणसाची लोक कीव करतात, यकृत गेलेल्याकडे बोट दाखवतात. बाईंना बाबांकडे नेलं ते अंधश्रद्धेनं नव्हे, या लाजेनं. आणि ही चूक फक्त त्यांचीच होती, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

बाबांनी मास्तरांच्या मधुमेहाच्या गोळ्या आधी बंद करायला लावल्या. "दोन वैद्यांत भूत पिसाळतं," असं ते म्हणाले. मग पांढऱ्या पुड्या दिल्या. "ही शांतीची पूड. हजेरीच्या आदल्या रात्री द्यायची, म्हणजे तो वर येईल. वर आला की मी पाण्यानं उतरवतो."

आणि खरंच तसंच व्हायचं. पूड दिली की दुसऱ्या दिवशी मास्तर भ्रमिष्ट व्हायचे, हात तसे पडायला लागायचे. पाणी प्यायलं की रात्रभर संडासच्या वाऱ्या, आणि मग डोकं ताळ्यावर. "घाण बाहेर पडतेय," असं बाबा म्हणायचे. दर वेळी मास्तर आधीपेक्षा वाळलेले दिसायचे, पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

पुढच्या हजेरीनंतर मास्तर उठलेच नाहीत. ओठ कोरडे पडलेले, हाका मारून बाईंचा घसा बसला तरी ओ नाही. दुकानातला इस्त्रीवाला धावत आला. "वहिनी, आता बाबा-बिबा राहू द्या. गाडी आणलीय!" म्हणत त्यानं मास्तरांना उचललं आणि त्याच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे बाईंना जास्त लागलं. सलाईन लागलं, नाकातल्या नळीतून औषध सुरू झालं. मास्तरांनी डोळे उघडल्यावर डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "हात पुढे करा. तळवे समोर, कुणाला थांब म्हणतो तसे."

पंजे पडले, सावरले, पुन्हा पडले. बाई भिंतीला टेकल्या. "तुम्हालाही भूत बोलावता येतं?"

"हे भूत कुठल्याही दवाखान्यात येतं, ताई. ऐका. दिवसभर बसून काम, वाढलेलं पोट, मधुमेह, गोड सरबताच्या बाटल्या. यकृतात चरबी साठत जाते. दारूचा थेंब न घेताही. सगळ्यांचं इतकं बिघडत नाही, पण काहींचं यकृत वर्षानुवर्षं गुपचूप सुकून कडक होतं. आतड्यात तयार होणारं विष गाळायचं काम त्याचं. ते गाळलं गेलं नाही की रक्तातून मेंदूत जातं. मग झोप उलटते, माणसं ओळखू येत नाहीत, हात असे पडतात."

"मग बाबांच्या पाण्यानं गुण कसा यायचा?"

"जुलाबानं. त्या पाण्यात जुलाबाचं औषध असणार. पोट साफ झालं की विष कमी होतं. मीही पोट साफ ठेवणारं औषधच देतेय, पण मापात, रक्त तपासत. त्यांनी इतके जुलाब करवले की अंगातलं पाणीच संपलं. आणि ती पूड काय होती?"

बाईंनी पर्समधल्या शिल्लक पुड्यांतली एक काढून दिली. तपासणीत ती झोपेच्या गोळ्यांची भुकटी निघाली. अशा यकृताच्या माणसाला झोपेचं औषध म्हणजे मेंदूवर पांघरूणच. आजार बोलवायचा पुडीनं आणि घालवायचा पाण्यानं, मधे टाळ्या. बाबांना यकृत कुठल्या बाजूला असतं हेही ठाऊक नसेल. पण काय दिलं की काय होतं, हे त्यांनी माणसांवर करून बघितलं होतं.

"मी दिली ती," बाई म्हणाल्या. "माझ्या हातानं. दुधातून." आणि त्या हमसून रडल्या.

पुढच्या हजेरीला हॉल तसाच तुडुंब होता. बाई डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या आणि सरळ स्टेजवर चढल्या.

"आलीस माते? तो कुठंय?"

"दवाखान्यात. बाबा, ही शांतीची पूड ना? मग आत्ता तुम्ही घ्या. सगळ्यांसमोर. वर तुमचंच पाणी प्या."

बाबा हसले. मग हसू आखडलं. "ही... ही पीडितांसाठी असते."

"पूडच आहे ना? शांत व्हाल."

बाबांनी पुडीला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी पूड कसली ते सांगितलं, पाणी कसलं ते सांगितलं. हॉलमध्ये गलका झाला. काहीजण "पोलीस बोलवा!" म्हणून ओरडले, तर काहींनी बाईंनाच खाली खेचायला हात लावला. बाबा मागच्या दारानं निसटले. दुसरा हॉल त्यांना मिळेलही, हे मला माहीत आहे.

मास्तर घरी आले. नावं आठवतात, पण मोठी कातर अजून कुणी त्यांच्या हाती देत नाही. यकृत पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय.

त्या संध्याकाळी हॉल रिकामा होत असताना एक तरुण मुलगी बाईंजवळ आली होती. मुठीत तशीच पुडी. "माझी आई पण दिवसा झोपते, रात्री फिरते. हात असेच पडतात. पण आमच्याकडे कुणी पीत नाही हो..."

बाईंनी तिचा हात धरला. "पीत असतील किंवा नसतील, यकृत कुणाचंही बिघडतं आणि डॉक्टर त्यावरून बोट दाखवत नाही. मी लाजले, म्हणून माझा माणूस अर्धा गेला. तू लाजू नकोस. आईला आज दवाखान्यात ने. चल, मी येते बरोबर."