बघ हं!

मुलं मला आवडत नाहीत. नोकरीच्या मुलाखतीतही मी हे सांगितलं होतं, पण एकोणीस वर्षांपूर्वी संग्रहालयात मुलं फिरकतच नसत, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. चार नंबरचं दालन माझं. दाराशी खुर्ची, समोर दोरी, दोरीपलीकडे भलंमोठं काळपट चित्र. एक बाई टेबलाशी पत्र घेऊन बसली आहे. कुणी हात पुढे केला की मी एवढंच म्हणते, "बघ हं!" माझ्या तोंडून ते ऐकलं की मिशीवाले बाप्येसुद्धा हात खिशात घालतात.

मग टाळीताई आली. हुद्दा बालविभाग प्रमुखाचा, काम मुलांना चित्रांची गोडी लावण्याचं, आणि सारखी टाळ्या वाजवते म्हणून माझ्या लेखी टाळीताई. मुलांच्या हातात ती कार्डं देते. पाच त्रिकोण शोधा, तीन लाल वस्तू शोधा, पहिला येईल त्याला स्टिकर. मुलं फरशीवरचे त्रिकोण मोजतात, स्टिकर घेतात आणि पळतात. चित्राकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तक्रारवहीत तिने माझ्याबद्दल दोनदा लिहिलं होतं, 'मावशी मुलांना धमकावतात.' साहेब म्हणाले, "तिसरी तक्रार आली की तुम्ही तळघरात, सामानखोलीत." म्हणजे दिवसभर ट्यूबलाइटखाली लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या राखायच्या. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. जे काही आहे ते त्या चार नंबरमध्ये आहे.

बुधवारी बावीस पोरं आली, सगळी पाच-सहा वर्षांची. पिवळ्या मोज्यांची एक मुलगी कार्ड खाली टाकून सरळ दोरीखालून आत शिरली. नाक चित्रापासून वीतभर लांब. मी गरजले, "बघ हं!"

तिने मान वळवली नाही. "काय बघू?"

टाळीताईचं पेन बाहेर आलंच. "काय म्हणालात, मावशी?"

धमकी दिली म्हणाले असते तर तिसरी तक्रार पक्की होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "टेबलाखाली बघ म्हणाले. आधी दोरीच्या बाहेर ये. आणि उभ्याने नाही दिसायचं, खाली बस."

ती दोरीबाहेर आली, उकिडवी बसली. मग ओरडली, "मांजर! एकच डोळा आहे!"

मोठ्या माणसांना ते मांजर दिसत नाही. ती उभी राहतात आणि पत्राकडे बघतात. मलाही ब्लाउजचं बटण शोधायला वाकले तेव्हाच दिसलं होतं. पुढच्याच मिनिटाला बावीस पोटं माझ्या पुसलेल्या फरशीवर पालथी पडली. "कुठंय?" "अरे, तिच्या पायाशी!" "झोपलंय का?" "डोळा उघडाय की!" दहा मिनिटं एकही टाळी वाजली नाही. मीसुद्धा गुडघा धरत खाली बसले. मजा येत होती, आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

जेवणाच्या सुट्टीत टाळीताई गोड आवाजात आली. "मावशी, काय भन्नाट कल्पना! आपण तिथे बाण लावूया, 'इथे मांजर आहे.' आणखी काय काय दडलंय ते सांगा, सगळीकडे बाण लावते. तक्रारीचं विसरून जा."

आयत्या बिळावर नागोबा! त्या चित्रातली आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. अगदी जिभेवर आली. सांगितली असती तर खोली माझीच राहिली असती.

"बाण लावलात तर पोरं बाणच बघतील," मी म्हणाले.

"लहान आहेत हो. त्यांना मदत लागते."

"खाली बसा म्हणायची लागते. बाणाची नाही."

तिच्या आवाजातला गोडवा गेला. "म्हणजे नाही सांगणार?"

"मला मोतीबिंदू आहे. काही दिसत नाही."

तिसरी तक्रार त्याच दुपारी वहीत चढली. सोमवारी मी तळघरात होते. पहिले चार दिवस छत्र्या आपटून ठेवल्या.

दोन आठवड्यांनी पिवळे मोजे आईबरोबर जिना उतरून आले. पिशवी टेबलावर आदळत ती म्हणाली, "मांजराला बाण लावलाय! आता कुणी खालीच बसत नाही."

"मग मी काय करू?" मी खेकसले.

तिने बोटाने मला जवळ बोलावलं. मी कुरकुरत वाकले. कानाशी येऊन ती कुजबुजली, "त्या बाईने पत्र उलटं धरलंय. मी पुस्तक उलटं धरते ना, तसंच. ती वाचत नाहीये. नुसतं वाचल्यासारखं दाखवतेय."

मला ते दिसायला अकरा वर्षं लागली होती.

जिन्यावरून टाळीचा आवाज आला. टाळीताई खाली येत होती. मी मुलीवर डोळे रोखले आणि चार नंबरच्या आवाजात म्हणाले, "बघ हं, कुणाला सांगितलंस तर!"

तिने लगेच दोन्ही हात खिशात घातले.