चुकीच्या बाजूचं गाऱ्हाणं

रविवारी सकाळी धोंडूंनी उजव्या हाताने चहाचा कप उचलला, कुणाची मदत न घेता, आणि त्यांच्या बायकोने, रखमाने, लगेच शेजारच्या कमलला नारळ आणायला पिटाळलं.

पाच महिन्यांपूर्वी धोंडूंना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. चिंचपोकळीच्या त्या चाळीला हे जरा जास्तच लागलं, कारण चाळीचं गाऱ्हाणं घालायचे ते धोंडूच. गणपती असो, लग्न असो, कुणाच्या पोराची नोकरी असो, नारळ ठेवून गावच्या रवळनाथाला हाक मारायची, सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात कमावलेला आवाज होता तो. तळकोकणात बसलेल्या देवाला फोनची गरज पडत नसावी.

गाऱ्हाणं मोघम घालायचं नाही, असं धोंडू बजावत. नाव, गाव, दुखणं कुठल्या अंगाचं, सगळं नीट सांगायचं. धोंडूच आडवे झाले, तेव्हा मात्र ती जबाबदारी रखमावर आली, आयुष्यात पहिल्यांदा. तिने आपल्या अकलेने हिशोब केला: उजवा हात पडला, म्हणजे बिघाड डोक्याच्या उजव्या बाजूला. तीच बाजू बरी कर म्हणून तिने देवाला विनवलं, आणि तेव्हापासून रोज तिथेच तेल जिरवलं. डावीकडे थेंब नाही. डॉक्टर काय ते मुलाशी, गौतमशी, बोलले होते. हिला कुणी सांगितलं नाही.

आज हाताबद्दल देवाचे उपकार मानायचे आणि वाचा मागायची, असं तिने ठरवलं होतं. ती नारळाची वाट बघत होती. गॅलरीत तुळशीच्या डब्यापाशी नात अनुजा पुस्तक घेऊन बसली होती. फिजिओथेरपीला होती ती, उद्या तोंडी परीक्षा. एकच शब्द घोकत होती, “डीकसेशन, डीकसेशन.”

“काय गो ता? औषध?”

“नाय गं आजी. फुलीसारखं ओलांडणं. जुने रोमन लोक दहा कसा लिहायचे? दोन तिरक्या रेघा, आपल्या फुलीसारख्या. दहाचं एक नाणं होतं त्यांचं, डेकुसिस. त्याच्यावरून आला हा शब्द.” अनुजाने तुळशीचा शेंडा बोटाने वाकवला. “ही बघ, वरून बघ. पानांची एक जोडी अशी, तर तिच्या खालची आडवी. झाली की नाय फुली? ह्यालापण इंग्लिशमध्ये तोच शब्द.”

रखमाने बघितलं. चाळीस वर्षं पाणी घातलं त्या तुळशीला, पण असं कधी वरून वाकून बघितलं नव्हतं.

“आणि मेंदूच्या नसापण तशाच. डावीकडच्या उजव्या अंगात उतरतात, उजवीकडच्या डाव्या. म्हणून तर आजोबांचा उजवा हात गेला ना. बिघाड डावीकडे होता. बोलणंपण त्याच बाजूचं.”

रखमा तेलाच्या बाटलीकडे बघत खाली बसली.

तेवढ्यात नारळ आला, मागोमाग पाचसहा शेजारी आले. रखमा म्हणाली, “नारळ ठेवूचो नाय.” सगळे चक्रावले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जिला धड बाजू सांगता आली नाही, तिने आता वाचा कुठल्या तोंडाने मागायची? पुन्हा काही भलतंच बोलून बसली तर? नवऱ्याचा आवाज तिच्या एका चुकीपायी कायमचा गेला तर?

अनुजा तिच्याजवळ येऊन बसली. “आजी, त्यांना भरवताना तू हात कुठे ठेवायचीस?”

“मानेमागे. मान कलंडायची म्हणून.”

“ती फुली तिथेच होते. मानेच्या अगदी वर. उजवं-डावं सगळं तिथून जातं.” तिने आजीचा हात उचलून आजीच्याच मानेमागे ठेवला. “पाच महिने तुझा हात बरोबर तिथेच होता.”

त्याने हात बरा झाला, असं काही अनुजा म्हणाली नाही. शिकलेली पोर होती. पण रखमाला फार बरं वाटलं. डोळे पुसून ती उठली. धोंडूंच्या खाटेसमोर पाटावर नारळ ठेवून तिने हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शेजारी म्हणाले.

“पाच म्हयन्यांपूर्वी मी तुका चुकीची बाजू सांगितलंय, म्हाराजा.”

असं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नव्हतं. बाई स्वतःच चूक केली म्हणते, त्याला होकार कसा भरायचा? कमलने तोंड उघडलं आणि मिटलं.

“तरी तू बरोबर बाजूक पावलंस. माझ्या चुकीकडे बघूक नाय. तुझे उपकार कसे फेडू, म्हाराजा?”

शेजारी एकमेकांकडे बघू लागले. आणि मग खाटेवरून, जडावलेला, अडखळलेला, पण सगळ्या चाळीच्या ओळखीचा आवाज आला.

“व्हय... म्हाराजा.”

रखमाचे हात जोडलेलेच राहिले. वाचेचं मागणं तर तिने अजून घातलंच नव्हतं.