वीस टक्क्यांच्या आत

“काठी कुठंय, आबा?”

“घरी.”

“घरी का ठिवली?”

“साहेब लोकांसमोर काठी टेकत जायाचं व्हय?”

पुण्यातल्या लष्करी दवाखान्याच्या पायरीवर माझं डोकंच फिरलं. कडक इस्त्रीची पँट, कोटावर पदकं, बुटांना तोंड दिसेल असं पॉलिश. अपंगत्वाच्या मेडिकल बोर्डापुढे निघालेला माझा बाप परेडला निघाल्यासारखा दिसत होता.

आबा म्हणजे निवृत्त हवालदार म्हस्कू मारकड, राहणार पळसदेव. बर्फातल्या चौकीवर थंडीनं त्यांच्या पायांच्या नसा गेल्या. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. आई रोज संध्याकाळी त्यांचे तळवे मांडीवर घेऊन बाभळीचे काटे शोधते. चालताना तोल जातो, आणि गावानं त्यावर निदान करून टाकलंय, की म्हस्कू पितो. ज्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला स्टँडवरची रिकामटेकडी टाळकी झोकांड्या देऊन दाखवतात.

निवृत्तीच्या वेळी बोर्डानं त्या पायांना वीस टक्क्यांच्या आतलं अपंगत्व लिहिलं. वीसच्या आत म्हणजे काहीच नाही. पेन्शनीत भर नाही की काही नाही. मी बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी सांभाळून अपिलामागे मीच धावले, तेव्हा कुठे हे दुसरं बोर्ड मिळालं. आबांना पैशाचं एवढं नव्हतं. “पाय नोकरीत गेलं, येवढं सरकारानं लिवून द्यावं. मंग बघतो कोन हसतंय,” एवढंच ते म्हणायचे.

“घरी चालता तसंच चाला. काय बी लपवू नका,” मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. व्हय व्हय, म्हणाले होते.

नाव पुकारलं. मी दारात थांबले. आबांनी नजर फरशीच्या रेघेवर रोवली आणि त्या रेघेवरून सरळ चालत गेले. एकदाही डुलले नाहीत. मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होता, डॉक्टरांना कुठला दिसायला! टाचा जुळल्या.

“जयहिंद, साब!”

“पैरों में दर्द है?” डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

“नहीं, साब!”

खरंच होतं ते. मेलेल्या पायाला कसलं दुखणं?

“चलने में तकलीफ?”

“काम चलता है, साब.”

मला राहवेना. “साहेब, त्यांचे बूट तरी काढायला लावा! टाचणी टोचून बघा!”

“मॅडम, आप बाहर रुकिए.”

आबांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही चोरी केली होती. “मने, गप!”

बूट कुणी काढायला लावलेच नाहीत. थोड्या वेळानं बाहेरच्या कारकुनानं हळूच सांगितलं, चाल नॉर्मल लिहिलीय, टक्के आहेत तेच राहणार.

इंदापूरच्या एसटीत मी त्यांच्याशी भांडले. लोक बघत होते, बघू देत.

“खोटं का बोलला तुमी?”

“खोटं कुटं? दुकत न्हाय, म्हनलं.”

“आन् चालला कसं? कुनासाठी?”

बूट काढून त्यांनी मांडीवर घेतले आणि बाहेर बघत राहिले. भिगवण मागे पडलं तेव्हा म्हणाले, “तितं बी डुललो असतो, तर साहेबानं काय म्हनलं असतं? ह्यो बी पिऊनच आला.”

मला कुणाकुणाचा राग आला म्हणून सांगू! मान वर न करणाऱ्या त्या डॉक्टरचा, वीसच्या त्या आकड्याचा, आणि माझ्या बापाला स्वतःच्या पायांची लाज वाटायला लावणाऱ्या गावाचा. सगळ्यात जास्त आबांचाच. रडू येत होतं म्हणून मी तोंड फिरवलं.

पळसदेवला आबा बूट हातात घेऊन, काळ्या मोज्यांवरच उतरले. जमिनीवर पाय टेकला आणि तोल गेला. स्टँडवरच्या बिरूनं संधी सोडली नाही.

“हवालदार, पुन्यातनंच टाकून आला व्हय?”

सगळे फिदीफिदी हसले. मी चवताळून त्यांच्या अंगावर जाणार, तेवढ्यात मागून कंडक्टर ओरडला, “ओ ताई, हितं पायरीवर रगत कुनाचं?”

आबांच्या सीटपासून दारापर्यंत लाल डाग पडत आले होते. त्यांच्या हातातल्या बुटात, टाचेच्या जागी, एक खिळा चांगला बोटाच्या पेराएवढा वर आला होता. दिवसभर ते त्याच्यावर उभे होते.

आबांनी वळून पायरीकडे पाहिलं.

“आरं, कुनाला लागलं?” ते म्हणाले, आणि कुणाचा पाय घसरायला नको म्हणून खिशातला रुमाल काढून पायरी पुसायला वाकले.