जनीच्या बावीचे पाणी

काशिरामच्या पहिल्या मुलाचे बारसे झाले त्या साली, म्हणजे एकोणीसशे चोपन्नच्या चैत्रात, पनवेलहून विहिरींची नोंद करायला आलेला कारकून कमळाकर बावीच्या काठावर ओणवा होऊन दगड बांधलेली दोरी आत सोडत होता. दोरी मध्येच अडकली. त्याने ती वर ओढून पुन्हा सोडली. पुन्हा अडकली.

"आत चिरा फुडं आलाय," बुधाजी म्हणाला. गावातला जाणता म्हणून तोच त्याला विहिरी दाखवत फिरत होता. "मागच्या पावसाल्यात काठ खचला, तवा सरकला."

"पाणी चांगलं दिसतंय. वापरात आहे ना?"

"नाय सायब. या गुनाबायची लेक जनी हितं पानी भरताना बुडाली. आमच्यात, घरच्या मानसानं पयला घोट घेतल्याबगर कुनी त्या बावीला कलशी लावत नाय. हिला इचारून इचारून माजं केस पिकलं."

"तुजं लग्नातच पिकलं व्हतं," गुणाबाई म्हणाली.

काशिरामची ही आई काठापासून जरा दूर उभी होती. शेजारी सून शांती, कमरेवर रिकामी कळशी. ती डोंगराखालच्या झऱ्यावर निघाली होती. सगळ्या गावच्या बाया तिथूनच पाणी आणत. येताना भर दुपारी बावीची वाट टाळत, कारण आतून कळशी बुडाल्याचा आवाज येतो, असे सगळेच सांगत. शांतीने तो स्वतः ऐकला होता. तेव्हा ती पोटुशी होती. भरला हंडा टाकून ती पळत घरी आली, आणि गुणाबाईनेच मीठमोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली होती.

"वापर नसलेल्या विहिरी बुजवायच्या आहेत," कमळाकर म्हणाला. "डास होतात. मी तसं लिहितो."

गुणाबाईने पदर दातांत धरला, मग सोडला.

"बुजवाची म्हंजे माती टाकाल?"

"माती, दगड."

"तिच्या अंगावर?"

जनीला खाडीकाठी कधीच अग्नी दिला होता. शांतीने खाली पाहिले.

"लिवू नुको," गुणाबाई म्हणाली. "शांते, कलशी दे."

तिने कारकुनाचीच दोरी मागून कळशीच्या गळ्याला बांधली आणि आत सोडली. मध्येच मनगट अलगद डावीकडे वळवले. कळशी चिरा चुकवून खाली गेली, कुठे खणकली नाही. गुणाबाई आत बघतही नव्हती.

पाण्यात कळशी बुडाली. तो आवाज शांतीने ओळखला.

गुणाबाईने कळशी वर घेतली, ओंजळभर पाणी प्यायली.

"गोड हाय," ती म्हणाली. बुधाजीने हात जोडले. कमळाकर कागद गुडघ्यावर ठेवून लिहू लागला.

शांती सासूच्या अगदी जवळ गेली.

"आये, दुपारची तूच व्हतीस."

गुणाबाईने ओला हात लुगड्याला पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"येकटी कशी पियेल माजी जनी," ती हळूच म्हणाली.

शांतीने कळशी तिच्याकडून घेतली. पाणी ओतून देईल असे वाटले. पण तिने कळशी ओठाला लावली, दोन घोट घेतले आणि उरलेले पाणी घेऊन घराच्या वाटेला लागली. घरी तिने काशिरामला काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवसापासून बावीवर बायांची गर्दी झाली. गुणाबाई पुन्हा काठावर गेली नाही. भर दुपारी ती ओटीवर बसून कान लावायची. बायांच्या गलक्यात तिला दुसरे काही ऐकू येत नसे.

जनी एकोणीसशे सत्तेचाळीसच्या वैशाखात गेली. गुणाबाई एकोणीसशे एकसष्टच्या पौषात घरी, अंथरुणावर वारली. तिच्या तोंडात शेवटचे पाणी शांतीने घातले.